भैरवीनंतरचं गाणं

दादा,

तुमची धाकटी लेक आता बोलत नाही. तुम्ही सदऱ्याचं वरचं बटण लावायचात, त्याच जागी तिच्या गळ्याला भोक आहे आणि ती तिथून श्वास घेते. हे सगळ्यात आधी सांगते, कारण गोष्ट फिरवून फिरवून सांगितलेली तुम्हाला आवडायची नाही. ‘आधी काय झालं ते सांग, मग कसं झालं ते सांग,’ म्हणायचात. तर झालं ते हे. आता कसं झालं ते लिहिते. तुम्हाला जाऊन इतका काळ लोटला, की वाडीतली पानवेल काढून तिथं केळी लावल्या होत्या, त्या केळीही आता राहिल्या नाहीत. पत्र लिहायची मला कधी वेळ आली नाही. माझे यजमान रोज संध्याकाळी घरी यायचे, त्यांना जे सांगायचं ते तोंडानं सांगायचे. ते गेल्यावर सांगण्यासारखं बरंच साठलं, पण ते लिहावं असं वाटलं नाही. हे मात्र तुम्हालाच लिहायला हवं, कारण यात तुमचा हात आहे.

नंदाखालच्या घराच्या ओटीवर तुम्ही भजनाला बसायचात तेव्हा धाकटी तुमच्या पेटीच्या उजव्या अंगाला आणि मी मागे, भिंतीला टेकून, पुस्तक घेऊन. आईच्या आजारपणात माझी शाळा सुटली. पुढचं वाचायला मी त्या अभंगाच्या पुस्तकांवर शिकले, कारण तुम्हाला शब्द पुरवायला कुणीतरी हवं होतं. तुम्ही मान न वळवता विचारायचात, ‘पुढं काय?’ आणि मी ओळ सांगायचे. धाकटीला तुम्ही चाल दिलीत आणि मला शब्द. तिला चार ओळींपुढं पाठ होत नसे, मला एकही सूर लागत नसे. तुम्हाला त्याचं वाईट वाटायचं नाही. दोघी मिळून एक बुवा होतो, असं पाहुण्यांना सांगून हसायचात. हळूहळू शब्दांबरोबर क्रमही तुम्ही माझ्यावर सोपवलात. लोक जेवून आलेत की उपाशी आहेत ते आधी बघ, मग आपला गळा बघ, मग ठरव. चढा अभंग अंगाला घाम येण्याआधी नको. बायका पोरांना थोपटायला लागल्या की गौळण. हे मी तुमच्याकडून शिकले, आणि तुमच्या आवाजात शिकले, म्हणून अजून तसंच आठवतं.

आणि शेवटी भैरवी. एकदा भैरवी झाली, चहा यायचा होता, लोक अजून बसलेले होते, तेव्हा मी उगाच पुढचं पान उलटून ओळ सांगितली. तुम्ही मागे वळलात. सगळ्यांसमोर म्हणालात, ‘भैरवीनंतर पुढं काही नसतं. एवढं कळत नसेल तर पुस्तक खाली ठेव.’ मी ठेवलं. तुमचा नियमच होता तसा. भैरवीनंतर टाळ्या नाहीत, बोलणं नाही. हात जोडायचे, उठायचं आणि मुकाट्यानं आपापल्या चपला शोधायच्या. कुणाला लग्नाचं आमंत्रण द्यायचं असलं तरी ते फाटकाबाहेर. पंचक्रोशीतली माणसं तुम्ही तशी घडवलीत. त्यातली बरीच अजून आहेत.

धाकटीचा आवाज बसला तेव्हा आम्ही रस्त्याच्या धुळीला दोष दिला. मग सुक्या मासळीच्या खाटाला, त्या घशात जाणाऱ्या उग्र वासाला. अर्नाळ्याहून कुणी सुकट आणून दिली की ती दारातूनच परत पाठवायची. मग मुंबईला दाखवलं, तर कॅन्सर निघाला. गळ्याला किरणं दिली, आतून सगळं भाजून निघालं, वर्षभर बरं होतं, आणि परत आलं. डॉक्टर म्हणाले, आता स्वरयंत्र काढायचं. मी बाजूला बसले होते. धाकटीनं विचारलं, ‘थोडं थांबलं तर चालेल का?’

‘कशासाठी?’

‘गायचंय.’

डॉक्टर तरुण होते. त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, ‘फार ताणू नका.’

तिथून ती माझ्याकडे विरारला आली, पलंगावर आडवी झाली आणि पंख्याकडे बघत म्हणाली, ‘ताई, मला एक कार्यक्रम करायचाय. माझ्या नावाचा.’ जन्मभर ती दुसऱ्यांच्या हळदीला, बारशाला, देवळाच्या वर्धापनदिनाला गायली. कुणी नारळ दिला, कुणी ब्लाउजपीस. तिच्या नावाचा बोर्ड कधी कुठं लागला नाही. ‘गाणी तू लावायची,’ म्हणाली.

‘मला गाण्यातलं काय कळतं?’

‘गाण्यातलं नकोच कळायला. पुढं काय ते तुला कळतं ना?’

महिला मंडळानं समाजाचा हॉल मिळवून दिला. पेटीला आमच्या बिल्डिंगीतले मास्तर मिळाले. सोलापूरकडचे, शाळेतून निवृत्त झालेले. तुमचं एकही गाणं त्यांनी ऐकलेलं नव्हतं. आम्ही वटारला तिच्या स्वयंपाकघरात बसायचो, कारण तिथं गॅसवर पाण्याचं पातेलं ठेवता यायचं. ती डोक्यावरून पदर घेऊन वाफ घ्यायची, मग दोन ओळी म्हणून बघायची, मग परत वाफ. मास्तर जमिनीवर पेटी घेऊन. मी पाटावर बसून भाजी निवडत.

गाणी निवडणं म्हणजे काय असतं ते मला तेव्हा समजलं, दादा. मला वाटलं होतं, तिला आवडतात ती आधी घ्यायची आणि उरलेली सोडायची. झालं उलट. तिला आवडणारं एकेक गाणं ती म्हणायला जायची, वरचा सूर आला की आवाज मध्येच फाटायचा, आणि ती हात हलवून सांगायची, काढ. मोठा अभंग काढला. तुम्ही तिला पहिल्यांदा ओटीवर एकटीनं म्हणायला लावलेली गौळण काढली. तेव्हा ती पातेल्यावर वाकून तशीच राहिली. मी भोपळ्याच्या फोडी उगाच अजून बारीक केल्या.

मास्तर पट्टी उतरवत होते. काळी चार तिची जन्माची. ती जमेना. काळी तीन. काळी दोन.

‘मास्तर, अजून खाली चला,’ ती म्हणाली. ‘तुमच्या पेटीला तळघर आहे की नाही?’

‘बाईमाणसानं इतक्या खाली गाऊ नये हो. भारदस्त लागतं.’

‘लागू द्या की भारदस्त. जन्मभर हळदीला किंचाळले, आता थोडी अब्रूनं गाते.’

काळी एकवर तिचा आवाज बसला. घोगरा, पण जागच्या जागी. माझ्या हातातली सुरी थांबली. मी म्हटलं, ‘ही दादांची पट्टी.’ ती माझ्याकडे बघून हसायला लागली, मग खोकायला लागली, आणि खोकला थांबल्यावर म्हणाली, ‘बघ, वाडीत वाटा दिला नाही, गळा दिला.’

तेव्हा कुठं गाणी मिळाली. तुमची, खालच्या सुरांची, तिनं लहानपणी ऐकलेली पण उंच आवाजामुळे कधी न म्हटलेली. त्यात ती पानवेलीची चाल निघाली. तुम्ही वाडीत वेल बांधताना गुणगुणायचात ती. पुस्तकात त्या अभंगाला दुसरीच चाल सांगितली आहे, ही तुमची. शब्द मला पाठ. चाल तिला. तिनं ती स्वयंपाकघरात एकदाच म्हटली, आणि तीही अर्ध्या आवाजात, गळा राखून. मी मोबाइल उचलला तशी तिनं डोळे वटारले. ‘ठेव तो खाली. हा माझा आवाज नाही. हा कुणाच्या मोबाइलमध्ये राहायला नको.’ मी ठेवला. मास्तरांना तिनं सांगितलं, ‘ही तुम्ही बसवू नका. मी घेईन, तुम्ही मागून या.’

आता अडचण सांगते. चार-पाच गाणी झाली की तिच्या गळ्यातून नुसता वारा यायचा. रोज तेच. आणि भैरवी तर तिला हवीच होती. ‘भैरवी झाली नाही तर लोक म्हणतील, कार्यक्रम अर्धा राहिला. मी अर्धा कार्यक्रम करणार नाही,’ असं तिचं म्हणणं. तुम्हाला माहीत आहे, त्या भैरवीत सूर किती लांबवावे लागतात. ती शेवटी ठेवली असती तर तिच्या वेळेपर्यंत गळा उरला नसता. मी दोन दिवस विचार केला. लोक बघ, गळा बघ. मग ठरवलं की भैरवी मध्ये घ्यायची, तिसरी, गळा तापलेला पण थकलेला नाही अशा वेळी. मग निवेदन करणाऱ्या बाईंनी थोडं बोलायचं, तेवढ्यात धाकटी पाणी पिऊन बसेल, आणि शेवटी तुमची पानवेलीची चाल. ती फाटक्या गळ्यानंही निभेल असं मला वाटलं.

मास्तरांनी पेटीचा भाताच बंद केला. ‘भैरवीनंतर गाणं? ताई, जेवून हात धुतल्यावर पानात भात वाढणार का?’

धाकटी म्हणाली, ‘मास्तर, पंगत उठायच्या आधी भात संपणार आहे. आधी वाढला तर निदान कुणाच्या पानात पडेल.’

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तुमचा नियम मोडते आहे हे आम्हा दोघींनाच कळत होतं. ‘ताई लावेल तसं,’ ती म्हणाली.

कार्यक्रम रविवारी संध्याकाळी. हॉलच्या दाराशी तिच्या नावाचा बोर्ड होता. ती त्याच्यासमोर उभी राहून बराच वेळ काना-मात्रा तपासत होती. हॉल भरला. नंदाखाल, वटार, आगाशीची तुमची जुनी भजनी माणसं पुढच्या खुर्च्यांवर, आत्या मधोमध. अर्नाळ्याच्या कोळणी आल्या होत्या, ज्यांच्या लेकींच्या हळदीला ती गायली होती. मागे आमच्या बिल्डिंगीतले लोक, नोकरीवाले. आजाराचं सगळ्यांना माहीत होतं. निवेदनाच्या बाईंना मी दहादा बजावलं होतं की भैरवी मध्ये आहे, नंतर अजून गाणं आहे, हे सांगा. त्यांनी ते सांगितलं, पण सुरुवातीलाच, मंडळाच्या आभारांमध्ये, माइक शिट्ट्या मारत असताना. कुणी ऐकलं नाही.

मी रंगमंचाच्या बाजूला खुर्चीवर बसले आहे. पहिलं गाणं होतं, दुसरं होतं. मग मास्तर भैरवीचे सूर धरतात. आणि दादा, ती गायली. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही, आवाज सुंदर नव्हता. लाकूड घासल्यासारखा होता. पण एकही सूर तिनं सोडला नाही, एकही आखडता घेतला नाही. शेवटच्या ओळीला तिच्या मानेच्या शिरा मला इतक्या लांबून दिसत होत्या. मला वाटलं, साधलं. बरोबर लावलं मी.

ती थांबली. एक टाळी वाजली नाही. मग खुर्च्यांचा आवाज झाला. आत्या उठली. तिच्या मागून तुमची सगळी माणसं उठली. हात जोडून, मान खाली घालून, तुम्ही शिकवलं होतं तशी. माझेही गुडघे सरळ झाले. मी उभी राहिले, आणि काय करते आहे ते कळल्यावर खाली बसले. पुढचे उठले म्हणून मागचे उठले. त्यांना हा नियम ठाऊक नव्हता. त्यांनी पाहिलं, एका आजारी बाईनं गाणं संपवलं आणि सगळा हॉल गप्प उभा राहिला. ते दोन्ही हात अंगाशी धरून, नजर खाली लावून उभे राहिले, शोकसभेत राहतात तसे. आमच्या बिल्डिंगीच्या सेक्रेटरींनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

धाकटी रंगमंचावर बसलेली, आणि समोर हे सगळं.

मला वाटतं तिला ते माझ्या आधी कळलं. तिनं माइक जवळ ओढला आणि म्हणाली, ‘बसा हो. मी अजून आहे इथं.’

कोळणींतली एक जण मोठ्यानं रडायला लागली. काही माणसं ओशाळून बसली. निवेदनाच्या बाई धावत आल्या, ‘बसून घ्या, बसून घ्या, कार्यक्रम बाकी आहे.’ पण तुमची माणसं दाराशी पोचली होती. भैरवीनंतर मागे वळून बघायची त्यांना सवय नाही. दार उघडं, चपलांचा गोंधळ, बाहेर कुणाची तरी स्कूटर चालू होत नव्हती. त्यात तिनं पानवेलीची चाल धरली. मुखडा आला. दुसऱ्यांदा आला. अंतऱ्याला तिनं तोंड उघडलं आणि आवाज निघाला नाही. मी शब्द सांगितले. तिला शब्द नको होते. मास्तर पेटीवर अंदाजानं काहीतरी वाजवत राहिले. मग तिनं त्यांच्या हातावर हात ठेवला. तेव्हा टाळ्या झाल्या, खूप झाल्या, आणि त्या टाळ्या मला अजून सहन होत नाहीत.

आत्या बाहेर कठड्यावर बसली होती. मी तिच्यावर ओरडले. वयाचा मान ठेवला नाही. ती म्हणाली, ‘मना काय ठाव गो पोरीचं गानं बाकी होतं? भयरवी झाली नं? मंग बसून ऱ्हाऊन भावाचा शबुद मोडू?’ आणि थोड्या वेळानं, ‘पानी दे गो. पोरगी आत काय करते?’ पोरगी आत खुर्च्या रचणाऱ्यांना नमस्कार करत होती.

तुमच्यावर राग आहे, दादा. ओटीवर तो नियम शोभायचा. तिथं दुसऱ्या दिवशी परत भजन असायचं. तुम्ही तो इतका पक्का बसवलात की तुमच्या मागेही माणसं त्याच हिशोबानं उठतात. आणि मग वाटतं, त्यांनी काय चुकीचं केलं? ती माणसं तिच्या भैरवीला मानच देत होती. तसा मान तिला जन्मात कुणी दिला नव्हता. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकत्र मनात धरून झोप येत नाही. ऑपरेशनला नेण्याआधी तिच्याकडे आणखी काही दिवसांचा आवाज होता. तो तिनं घरच्यांची नावं घेण्यात घालवला. ‘ताई, इकडे ये’, ‘ताई, तिकडे जा’, काम काही नसताना.

आता ती मोबाइलवर लिहून बोलते. पूर्वी चार ओळी पाठ होत नव्हत्या, आता भराभर लिहिते, आणि शुद्धलेखन माझ्यापेक्षा बरं आहे. मी एक दिवसाआड वटारला जाते. पातेल्याची आता गरज नाही, तरी आम्ही स्वयंपाकघरातच बसतो. पहिल्यांदा तिनंच लिहिलं, ‘ती चाल कुणालाच येत नाही. तू शीक.’ मी म्हटलं, ‘मला सूर कुठं लागतो?’ तिनं लिहिलं, ‘माहीत आहे. दुसरं कोण आहे?’ मास्तरांना विचारलं होतं. त्यांना मुखडा येतो, अंतरा स्वयंपाकघरात एकदाच ऐकलेला, तो त्यांच्या लक्षात राहिला नाही.

तेव्हापासून मी गुणगुणते आणि ती ऐकते. ती हात वर नेते, म्हणजे वर जायचं. हात खाली, म्हणजे खाली. तळहात हवेत हलवला की सूर हलवायचा. वर म्हणजे किती वर, ते हाताला सांगता येत नाही. मी जाते, ती मान हलवते, नाही. मी परत जाते, नाही. कधी लिहिते, ‘म्हैस.’ कधी हसते, तेव्हा गळ्याच्या भोकातून शिट्टीसारखा आवाज येतो आणि आम्ही दोघी थांबतो. कधी चिडून मोबाइल उलटा ठेवते आणि भिंतीकडे बघत बसते. तिच्या आत ती चाल स्पष्ट वाजत असणार. मला शब्द सगळे येतात. आमच्या दोघींच्या मध्ये एक हात अंतर असतं, आणि तेवढ्यातून ती चाल पलीकडे येत नाही.

हे पत्र तिला वाचून दाखवावं असं सुरुवातीला वाटलं होतं. दाखवणार नाही. लिहून झाल्यावर तुम्हाला पोचवायची तर सोयच नाही. पण एवढं तुम्हाला सांगून थांबते. काल मी अंतरा म्हणत होते, नेहमीसारखा, अंदाजानं. दोन ओळी झाल्या आणि तिनं डोळे मिटले आणि हळूच मान डोलावली, होकाराची. मी तसाच पुढं म्हणत गेले. चाल जुळली म्हणून तिनं मान डोलावली, की आता ती दमली म्हणून, हे मी तिला विचारलं नाही. मोबाइल तिच्या हाताशी होता. मी तो उचलून पलीकडे ठेवला.